चिठ्ठ्यांचं कपाट

डोणगावच्या वाचनालयात मी नोकरीला लागले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि माझी विशी नुकतीच उलटली होती. आता आपण सगळं नीट लावून टाकू, असं राज्यालाही वाटत होतं आणि मलाही. अमरावतीला ग्रंथालयाचा एक छोटा अभ्यासक्रम करून मी आले होते. घरून निघताना बाबांनी एकच अट घातली होती. नोकरी टिकली तर ठीक, सुटली तर मोताळ्याला परत यायचं आणि पाहुण्यांसमोर बसायचं. लग्नाशी माझं काही भांडण नव्हतं. मोताळ्याशीही नव्हतं. पण परत जाऊन मेथीच्या जुड्या बांधत कोणीतरी मला पाहायला येण्याची वाट बघायची, हे मला नको होतं.

वाचनालय म्हणजे एका अडत्याच्या दुकानामागची लांबट खोली. पुढे ज्वारी, तूर, मुगाचे ढीग आणि काटा, मागे आम्ही. वाचनालयाच्या कमिटीचे अध्यक्ष हे अडतेच होते. गाव त्यांना शेठजी म्हणायचं, मीही म्हणायची. खोली त्यांची, सतरंजी त्यांची आणि उन्हाळ्यात पुस्तकांच्या फळीवर वाळत घातलेल्या मिरच्याही त्यांच्याच. माणूस मनानं वाईट नव्हता. फक्त कुठं रिकामी जागा दिसली की तिथं धान्य मावेल का, हे त्यांची नजर आधी मोजून घ्यायची.

माझ्या आधी तिथं एक जाड रजिस्टर होतं. पुस्तकं ज्या क्रमानं विकत आली त्या क्रमानं त्यात लिहिलेली. कुणाला बैलांच्या आजारावरचं पुस्तक हवं असेल तर त्यानं पहिल्या पानापासून वाचत यायचं. मी आल्या आल्या हट्ट धरून सुताराकडून लहान लहान कप्प्यांचं एक कपाट करून घेतलं. कप्प्यांवर अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं, आत कार्डं. एका कार्डावर एक विषय, त्या विषयाची पुस्तकं कुठल्या फळीवर आहेत ते. आणि विषय दुसऱ्याच नावाखाली ठेवलेला असेल तर कार्डावर सूचना: पाहा, अमुक. म्हणजे ‘बैल’ काढलं की त्यावर ‘पाहा: पशुवैद्यक’. तिकडं गेलं की फळी सापडते. एक कार्ड दुसऱ्याकडे पाठवतं, दुसरं तिसऱ्याकडे, आणि माणूस न विचारता पुस्तकापर्यंत पोचतो. त्या खोलीत यापेक्षा हुशार वस्तू नाही, असं माझं ठाम मत होतं. मी स्वतःलाही त्यात धरत होते.

शेठजींनाही कपाट फार आवडलं. पण कप्पे उघडून बघताना ते कार्डं वाचत नव्हते, कप्पे किती खोल आहेत ते बघत होते. धान्याचे नमुने ठेवायला असे कप्पे त्यांना कितीतरी वर्षांपासून हवे होते. एक दिवस ते गादीवरून उठून आत आले आणि त्यांनी मला एक प्रश्न विचारला. तो मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

“बाई, कपाट तर झ्याक हाये. पण ह्याच्यातून माणसाले पुस्तक सापडते, का फक्त तुम्हालेच सापडते?”

मी अर्थात चिडले. नाकावर राग होताच तेव्हा. मी म्हटलं, कुणालाही सापडेल. तर ते म्हणाले, मग मोजून पाहू. कपाशीचा हंगाम लागण्याआधी एका बाजाराच्या दिवशी कमिटी बसेल, ज्यानं हे कपाट कधी पाहिलेलं नाही असा एक माणूस आणायचा, त्याला एक प्रश्न द्यायचा, आणि शेठजी तोंडात पान टाकतील. पान संपायच्या आत पुस्तक हातात आलं तर कपाट राहील. नाही आलं तर कप्पे दुकानात जातील आणि जुन्या रजिस्टरासाठी बाई कशाला पाहिजे, यावर कमिटी विचार करेल. ‘विचार करेल’ हे त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं.

पानावर वेळ मोजायची ही रीत ऐकून मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारातून त्यांच्या गालावर नजर ठेवायला लागले. भाव मनासारखा लागला की तेच पान अर्धी दुपार गालात राहायचं. गिऱ्हाईक घासाघीस करणारं असलं की दोन चावे आणि पिचकारी. म्हणजे वाचकाला माहिती किती लवकर सापडते यापेक्षा त्या दिवशी ज्वारीला भाव काय, यावर माझं नशीब ठरणार होतं.

आणि तेवढ्यात कपाटानंच घात केला. कार्डं जागच्या जागी राहीनात. ‘बैल’ कार्ड ‘पशुवैद्यक’मध्ये सापडायचं, ‘विहीर’ ‘पाण्या’त, ‘भाडेकरू’ ‘कायद्या’त. मी संध्याकाळी सगळी लावून घरी जायची, घर म्हणजे शाळेतल्या एका बाईंच्या घरातली माडीवरची खोली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा तोच गोंधळ. बाजाराच्या दिवशी तर विचारायलाच नको. मला वाटलं शेठजींचा मुनीम खोड्या करतोय. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही, हे आणखी वाईट.

शेवटी एका बाजारी मी पुस्तकांना कव्हरं घालायचं निमित्त करून कोपऱ्यात बसले आणि पाहत राहिले. जवळच्या खेड्यातला एक शेतकरी आला. साठीचा असेल. त्यानं ‘ब’चा कप्पा उघडला, ‘बैल’ काढलं, ओठ हलवत वाचलं. मग ते कार्ड दोन्ही हातांत धरून ‘प’च्या कप्प्यापाशी गेला, तिथलं कार्ड शोधलं, फळीचा आकडा बघितला, आणि हातातलं कार्ड मोठ्या काळजीनं तिथं ठेवून कप्पा लावला. पुस्तक त्याला बरोबर सापडलं. मी मात्र उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं.

“चिठ्ठी दिली ना, बाई,” तो म्हणाला. “तुमच्या ह्या खणानं त्या खणाकडं धाडलं. मंग चिठ्ठी तिथं नको द्यायले? नुसत्या हातानं कसं जावं?”

मी तिथंच खाली बसले. डोणगावात, आणि मला वाटतं आसपासच्या सगळ्या बाजारपेठांत, हीच रीत होती. एका अडतीवर माल नसेल तर तो शेठ चिठ्ठी लिहून दुसऱ्या अडतीवर पाठवायचा. शेतकरी ती चिठ्ठी सांभाळून न्यायचा, तिथं द्यायचा, आणि माल घ्यायचा. चिठ्ठी खिशात ठेवून घेणं म्हणजे पाठवणाऱ्याचा अपमान आणि घेणाऱ्याची फसवणूक. माझ्या कार्डावर ‘पाहा: पशुवैद्यक’ लिहिलेलं होतं, म्हणजे त्यांच्या लेखी ती एका कप्प्यानं दुसऱ्या कप्प्याला लिहिलेली चिठ्ठी होती. ती तशीच टाकून नुसतं डोक्यात ठेवून चालत जाणं त्यांना असभ्य वाटत होतं. माझ्या अमरावतीच्या वर्गात हे कुणी शिकवलं नव्हतं.

कळलं तरी वळलं नाही. मी दुसऱ्याच दिवशी भिंतीवर पाटी लावली की कार्डं काढू नयेत. माणसं सज्जन होती, त्यांनी ऐकलं. आता ती कार्ड वाचायची, पुढं कुठं जायचं ते त्यांना समजायचं, पण हातात काही नाही म्हटल्यावर पाय उचलायचा नाही. मग माझ्या टेबलाशी येऊन अदबीनं विचारायची, बाई, जाऊ का तिकडं? जा म्हटलं की जायची. म्हणजे शेठजी म्हणत होते तेच खरं झालं. पुस्तक फक्त मलाच सापडत होतं. पाटी मी स्वतःच्या हातानं काढली आणि कपाळाला हात लावून बसले. परीक्षा जवळ आली होती.

पाटी काढल्यावर कार्डं पुन्हा फिरायला लागली. एका संध्याकाळी मी ‘प’च्या कप्प्यातून ‘पशुवैद्यक’पाशी साठलेला गठ्ठा सतरंजीवर काढला आणि हात चालेना. कारण तिथं आलेली कार्डं बघून मला पहिल्यांदा दिसलं की माणसं येतात कुठून. ‘बैल’ तिथं रोज येऊन बसत होतं. ‘गाय’ अधूनमधून. एकदा तर ‘देव’ या कार्डाला तिथं आणून ठेवलेलं होतं, आजाराचं कारण देवाकडे असेल म्हणून कुणीतरी तिकडून सुरुवात केली असावी. आणि ज्या ‘पशुपालन’ कार्डावर मी सुवाच्य अक्षरात सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, ते आपल्या जागी कोरं करकरीत उभं. त्याला कुणी हात लावला नव्हता. मी मोठ्यानं हसले. मला दोन महिने जे कळत नव्हतं ते ही माणसं कार्डं चुकीच्या जागी ठेवून सांगत होती.

मग मी त्यांच्याच रीतीनं जायचं ठरवलं. शाळेतल्या बाईंकडे जुन्या लग्नपत्रिकांचा मोठा गठ्ठा होता. त्यांच्या कोऱ्या बाजू कापून मी खऱ्याच चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक ‘पाहा’ कार्डामागे एक कागदी खिसा, त्यात त्याच मजकुराच्या पुष्कळ चिठ्ठ्या. कार्ड जागेवर राहील, वाचकानं चिठ्ठी न्यायची आणि पोचल्यावर त्या कप्प्यात टाकायची. दर बाजारानंतर मी त्या चिठ्ठ्या काढून सतरंजीवर ढीग लावायची. ज्या वाटेचा ढीग मोठा, ती वाट बरोबर. ज्या खिशातून चिठ्ठी हललीच नाही, ती वाट माझ्या डोक्यात होती, लोकांच्या नाही. ती मी काढून टाकायची. जिथून कुणीतरी येऊन आपल्या मनानं दुसरंच कार्ड ठेवून गेलं असेल, तिथं मी नवा खिसा करायची. हळूहळू माणसं माझ्या टेबलाशी यायची बंद झाली. मला थोडं एकटं वाटायला लागलं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

परीक्षेचा बाजार उजाडला तो ज्वारीचे भाव पडूनच. सकाळपासून शेठजी पानावर पान चावत होते. आणि दुपारच्या एसटीनं बाबा उतरले. मोताळ्याहून बुलढाणा, तिथून मेहकर आणि मग डोणगाव, असं करत आलेले. त्यांनी कंडक्टरकडून निरोप पाठवलाच होता की येतो. माझ्या पत्रातून परीक्षेचं कळल्यावर त्यांनी नोकरी गेलीच असं धरलं होतं; पाहुणे ठरले होते, मुलगा मलकापूरकडचा होता, आणि बाबांनी माझं अंथरूण बांधून न्यायला पोतंही आणलं होतं. भाजी पिकवणारा माणूस, अडत दिसली की आधी तिथं टेकणारच. त्यांनी शेठजींना रामराम केला, चहा घेतला आणि आपण कशासाठी आलो ते सगळं सांगून टाकलं.

कमिटी सतरंजीवर बसली. कपाट न पाहिलेला माणूस कुठून आणायचा, यावर काथ्याकूट सुरू झाला, कारण तोवर गावातल्या बहुतेकांचे हात त्या कप्प्यांत जाऊन आले होते. शेठजींनी दारात उभ्या असलेल्या बाबांकडे बोट केलं. कमिटीतल्या एकानं हरकत घेतली की हे तर बाईंचे वडील.

“म्हणूनच,” शेठजी म्हणाले. “ते पोरीले न्यायले आले हायेत. ते काही तिची बाजू घेणार नाहीत.”

हरकत तिथंच संपली. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. शेतीचा प्रश्न दिला तर पुस्तकाशिवायच उत्तर देतील, म्हणून शेठजींनी प्रश्न काढला लोणारच्या तळ्याचा. त्या तळ्याचं पाणी खारट काऊन? ते ज्यात लिहिलंय ते पुस्तक काढून दाखवा. मला बोलायची मनाई होती. शेठजींनी चुना लावला, पान दुमडलं आणि तोंडात टाकलं.

बाबांनी चपला काढल्या, धोतराला हात पुसले आणि कपाटासमोर उभे राहिले. मला वाटलं ‘ल’कडे जातील. सरळ रस्ता होता तो. पण ते गेले ‘म’कडे आणि त्यांनी काढलं ‘मीठ’. पाणी खारट, म्हणजे मीठ. मी डोळे मिटून घेतले. मिठाच्या कार्डामागे काय आहे हे मलासुद्धा धड आठवत नव्हतं. डोळे उघडले तर बाबांच्या हातात एक चिठ्ठी होती आणि ते ‘प’कडे चालले होते. तेव्हा आठवलं, मागे कधीतरी ‘मीठ’ कार्ड मला ‘पाण्या’त सापडलं होतं. कुणी नेलं, कशासाठी, देव जाणे. पण त्यावरून ‘मीठ’च्या कार्डामागे मी खिसा केला होता. बाबांसारखाच विचार करणारा कुणीतरी एक माणूस आधीच त्या वाटेनं जाऊन आला होता. त्या माणसाचा मी तेव्हा मनातल्या मनात मुका घेतला.

‘पाण्या’त त्यांनी चिठ्ठी ठेवली, तिथून ‘तळी’ची घेतली. ‘त’च्या कप्प्यापाशी मात्र ते थांबले आणि ‘तळी’चं कार्ड वरपासून खालपर्यंत वाचत बसले. सावकाश, एकेक ओळ. मला ओरडावंसं वाटत होतं. शेठजींचा जबडा भराभर चालला होता. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की बाबांना फक्त तिथंच उभं राहायचं होतं. काहीही वावगं करायची गरज नव्हती. कमी शिकलेला माणूस, हळू वाचतो, कोण बोट दाखवणार? संध्याकाळच्या गाडीला मी त्यांच्याबरोबर असते. हे मला जितकं स्पष्ट दिसत होतं तितकंच त्यांनाही दिसत असणार. त्यांनी मान वळवून शेठजींच्या गालाकडे पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. कार्डामागच्या खिशातली चिठ्ठी काढली आणि जवळजवळ धावतच ‘ल’कडे गेले.

‘लोणार’च्या कार्डावरून फळी कळली. जिल्ह्याची माहिती देणारं एक जाड पुस्तक, वरून दुसऱ्या फळीवर. त्यांनी ते खाली ओढलं तेव्हा त्याबरोबर आणखी दोन पडली. कमिटीतला कुणीतरी म्हणाला, पान संपलं असेल. शेठजींनी सगळ्यांकडे तोंड वळवलं आणि ते आ वासून दाखवलं. लालभडक, अर्धंमुर्धं, पण पान होतं. मग ते बाहेर जाऊन थुंकून आले आणि म्हणाले, कपाट राहू द्या. माझा जीव भांड्यात पडला म्हणजे काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी खाली पडलेली पुस्तकं उचलायला वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि कमिटीसमोर ते दाखवायचे नव्हते. शेठजींनी जाता जाता तळचा एक रिकामा कप्पा मुगाच्या नमुन्यासाठी मागितला. मी दिला. त्या क्षणी त्यांनी सतरंजी मागितली असती तरी दिली असती, ती त्यांचीच होती म्हणून नव्हे.

कमिटी उठली, बाजार उठला. बाबा मात्र ते पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. तळ्याचं पाणी खारट का, ते त्यांना अजून कळायचं होतं. ओळीखाली बोट ठेवून वाचत होते. मी त्यांना दोनदा सांगितलं की गाडीची वेळ होतेय. पाहुण्यांचं काय, अंथरूण बांधायचं का, हे मी विचारलं नाही. विचारलं आणि ते हो म्हणाले तर, ही धाकधूक अजून होती. कपाट राहिलं होतं, पण अट पाळायची की नाही हे बाबांच्याच हातात होतं, आणि मुलीला न्यायला आलेला बाप रिकाम्या हातानं गेला तर घरी काय सांगणार, हेही मला कळत होतं. शेवटी पुस्तक मिटून त्यांनी विचारलं की हे घरी नेता येते का.

मी नियम सांगितला. पुस्तक गावच्या रहिवाशालाच मिळतं. परगावच्या माणसाला न्यायचं असेल तर डोणगावात राहणाऱ्या कुणाच्या तरी नावावर न्यावं लागतं.

“मंग तुह्या नावावर दे,” बाबा चपला घालत म्हणाले. “तू राहतेच ना इथं.”

मी नाव लिहिलं. राहण्याच्या ठिकाणासमोर आजवर मी सवयीनं मोताळा लिहायची. त्या दिवशी डोणगाव लिहिलं, आणि बाबांची गाडी चुकू नये म्हणून त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत पळत गेले.